सेंटोबा

सेंटोबा तुमच्याकडेही असणार. कॉलेजात चार गाणी वाजवली, मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते आणि पंचेचाळिशीत एकदम माळ्यावरून गिटार खाली काढली, अशा मंडळींचा बँड हल्ली सोसायटी-सोसायटीत असतो. त्यात वाजवण्यापेक्षा जुळवण्यातच रस असलेला एक गृहस्थ हटकून सापडतो. आमच्या बँडमध्ये तो मुख्य गिटारवाला आहे. मी बेस वाजवतो, म्हणजे बरोबर त्याच्या माऱ्यात उभा असतो.

‘‘तुझा ई दोन सेंट उतरलाय,’’ हा त्याचा नमस्कार. आपण घाम पुसत, बॅग सावरत तालमीला पोचावं आणि त्याने आपल्या तब्येतीऐवजी तारेची चौकशी करावी.

ज्यांच्या वाट्याला असा माणूस आलेला नाही त्या भाग्यवंतांसाठी: पेटीच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळ्या धरून, १०० सेंट. सप्तकात १२००. अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने १८८० च्या दशकात हे माप रूढ केलं. गंमत अशी की एलिसला स्वतःला सुरांचा कान नव्हता. ऐकण्याचं काम तो हिपकिन्स नावाच्या पियानोच्या जाणकाराकडून करून घ्यायचा. साधारण कानाला पाच-सहा सेंटच्या आतला फरक सहसा कळत नाही. सेंटोबाला एक सेंटही कळतो. निदान तो तसं म्हणतो, आणि खोटं ठरवायला आमच्याकडे हिपकिन्स नाही.

घरी वहिनींच्या कुकरची शिट्टी ‘पांढरी चारच्या जरा वर’ आहे. दाराच्या बेलचे दोन स्वर एकमेकांशी नऊ सेंट फटकून आहेत, म्हणून पाहुण्यांनी दार वाजवावं अशी त्याची विनंती असते. सख्ख्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा मोबाईल अक्षतांच्या मुठीआड धरून बसला होता. आत्याबाई काळी एकवर सुरू झाल्या, मामींनी पांढरी तीन पकडली, आणि ‘सावधान’पर्यंत पोचताना सगळे मिळून कुठे होते हे यंत्राने सांगायचं नाकारलं. नवरा-नवरी एकमेकांकडे बघत होती. हा पडद्याकडे बघत हळहळत होता.

अशा माणसाला पायाखालचा ट्यूनर घ्यायचा होता. घरात मुलीचं स्थळ बघतानासुद्धा इतक्या चौकश्या झाल्या नसतील. बॉसचा टीयू-३ अधिक-उणे एक सेंट अचूक. जगभरचे वादक तो पायाखाली घेऊन मैदानं गाजवतात, पण याला तो ‘ढोबळ’ वाटला. पीटरसनचा स्ट्रोब ०.१ सेंटपर्यंत जातो, टर्बो ट्यूनर ०.०२ पर्यंत. ‘‘शून्य पूर्णांक शून्य दोन!’’ हे तो श्रीखंडात केशर पडल्यासारखं सांगायचा. आमच्या ड्रमवाल्याने एकदा विचारलं, ‘‘अरे, तार दाबताना बोट जरा जोरात पडलं तरी स्वर पाच-सात सेंट चढतो. मग ते शून्य-शून्य-दोन राहतं कुठे?’’ त्या दिवसापासून ड्रमवाल्याचा स्नेअर रोज ‘उतरलेला’ असतो.

मी माझ्या अडाणीपणाने सांगून टाकतो. ट्यूनरमध्ये खरं बघायचं ते एवढंच: दिवा लांबून आणि उन्हातही दिसावा, काटा कावऱ्याबावऱ्यासारखा न थरथरता पटकन थांबावा, आणि पाय ठेवला की आवाज पूर्ण बंद व्हावा. श्रोत्यांनी आपलं जुळवणं ऐकायला तिकीट काढलेलं नसतं. आमचं तर तिकीटही नसतं. ट्यूनरमधून सिग्नल सरळ जावा की बफरमधून, यावर सेंटोबाने एक अख्खी कोजागिरी खाल्ली. लांब केबलांचा ताफा असेल तर बफर आवाजाची धार राखतो, एवढं त्यातून हाती लागलं. दूध मात्र आटून गेलं.

बेसच्या बाबतीत तो निराळाच कडक. ई तार ४१.२ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची खालची बी तर ३०.९ ची. अशा जाड्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरचे उपस्वरच जास्त बोलतात, ते ऐकून साधा ट्यूनर बावचळतो, कधी भलतंच अक्षर दाखवतो. ‘‘बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढ. टोनची कळ बंद. मानेजवळचा पिकअप. आणि हळू छेड रे, तार आहे ती, बैल नाही! जोरात छेडलीस की आधी स्वर चढतो, मग बसतो. बसल्यावर वाच.’’ हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

शेवटी त्याने एक घेतला. मग पहिल्यावर लक्ष ठेवायला दुसरा. दोघांत मतभेद झाले तर निवाड्याला तिसरा.

एकदा मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, सहाही तारा तंतोतंत लागल्या तरी गिटारमधला गंधार शुद्ध गंधारापेक्षा चौदा सेंट चढाच राहतो ना? सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की हे होणारच. मग अचूक कशाशी जुळवतोस?’’ तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी तो तीन तास बोलला.

हा रोग बाहेरून आला असंही म्हणता येत नाही. आपल्याच मुलखात निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारांची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये तो पुस्तकरूपाने छापला. इ. क्लेमेंट्स नावाचे न्यायाधीश त्यांच्या नादाला लागले आणि प्रकरण खास श्रुतींची हार्मोनियम बनवण्यापर्यंत गेलं. महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला मोजणी सोडवत नाही. आमचा सेंटोबा गुणवत्ता नियंत्रणात आहे.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत पेटी वाजवायचे ते काका ऐंशीच्या पुढचे. पेटी त्यांच्या वडिलांची. ती कशाशी जुळते हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण त्यांच्या मते बाकी सगळ्यांनी तिच्याशी जुळायचं असतं. आम्ही पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बसलो तेव्हा अभंगाच्या दुसऱ्या ओळीलाच दात आंबले. सेंटोबाने यंत्र लावलं. पेटी वीस सेंट चढी. आता हा म्हाताऱ्याला ऐकवणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

तो काही बोलला नाही. वाकला, ट्यूनरचं मूळ माप ४४० वरून ४४५ केलं, स्वतःच्या सहा तारा चढवल्या, मग माझ्याकडे हात पसरून बेस मागून घेतला आणि त्याच्या चार. काका चष्म्यावरून बघत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, ‘‘हं. शिकलास हळूहळू.’’ ज्याला टीयू-३ ढोबळ वाटला तो माणूस ‘‘हो काका’’ म्हणाला.

पुढे दरवर्षी तेच. गणपतीच्या आधी त्याचा मला निरोप यायचा, ‘‘चव्वेचाळीस-पाच.’’ काकांना त्याने शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

यंदा काका नव्हते. पेटी त्यांच्या मुलाने बंगळुरूला नेली. त्यांच्या जागी सी विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा कीबोर्ड घेऊन आला. पहिल्याच आरतीला थांबला आणि चाचरत म्हणाला, ‘‘काका, सॉरी, पण तुम्ही दोघं शार्प आहात. वीसेक सेंट.’’

पोराचा कान तयार आहे. एरवी सेंटोबाने त्याला दत्तक घेतला असता. मी ट्यूनरकडे पाहिलं. ४४५.

‘‘तुझ्या कीबोर्डला मास्टर ट्यून असेल बघ मेनूत,’’ सेंटोबा तार न सोडता म्हणाला. ‘‘वर घे.’’

‘‘पण स्टँडर्ड ४४० आहे ना?’’

‘‘इथलं नाही,’’ तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे वळून, ‘‘तुझा ई दोन सेंट उतरलाय.’’