मी कोण? (तीन मिनिटांत सांगा)

विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव हिंडून कविता ऐकवत, त्याला काव्यवाचन म्हणत. आता कॅफेत माइक धरला की ते ‘स्पोकन वर्ड’. विषय बहुधा एकच: मी कोण? टाळ्यांऐवजी चुटक्या वाजतात. आमच्या घरी चुटकी जांभई आल्यावर वाजवत, तेव्हा दाद नेमकी कशाला मिळाली, हा माझा संशय अजून फिटलेला नाही.

खरं तर या स्पोकन वर्डच्या स्पर्धेचा, म्हणजे ‘स्लॅम’चा जनक मार्क स्मिथ शिकागोचा बांधकाम मजूर. १९८६ साली त्याने ग्रीन मिल बारमध्ये कवितेची स्पर्धा मांडली आणि गुण द्यायला प्रेक्षकांतलेच कोणी बसवले. आवडलं नाही तर ओरडायची मुभा!

आमचा डोंबिवलीचा कवी मात्र ‘या महानगरात माझी ओळख काय?’ म्हणून डोळे मिटतो. अरे बाबा, सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ती रोज ठरते. तिघांच्या बाकावर अर्धा टेकलेला तू चौथी सीट. त्यापलीकडे कोणाला काही जाणून घ्यायचं असलंच, तर एवढंच: ‘कुठे उतरणार?’