बाळ (पहिले वर्ष) : पुणे ३० साठी माहितीपत्र

आइंडहोवन, नेदरलंड्स

ती. सौ. आई व ती. बाबा यांस,


पहिल्या वर्षातील बाळाचे संगोपन म्हणजे मुख्यतः ऊब, दूध, झोप आणि नातेवाईक या चार गोष्टींची व्यवस्था होय. पहिल्या तीन गोष्टी नेदरलंड्समध्ये सरकारी पुस्तिकेबरहुकूम आणि सदाशिव पेठेत परंपरेबरहुकूम चालतात. चौथी पुण्यात घरातच असते. आइंडहोवनला ती व्हिडिओ कॉलवर येते, हिवाळ्यात साडेचार तास पुढच्या वेळेतून आणि उन्हाळ्यात साडेतीन. ‘मी’ आणि ‘तू’ हे शब्द या पत्रात मुद्दाम टाळले आहेत, कारण ते आले की कालचे बोलणे जिथे तुटले तिथून वाद पुढे सुरू होतो. पुण्याकडील पक्षाचा उल्लेख यापुढे आजी-आजोबा असा येईल.

नेदरलंड्समध्ये जन्मलेल्या बाळाची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते, आणि तीही नावासकट. भारतात नोंदणीला एकवीस दिवस मिळतात व नाव मागाहून घालता येते. त्यामुळे बाराव्या दिवसाचे बारसे आणि कायदा यांच्यात तेथे तंटा नाही. येथे मात्र जन्माक्षर, आजोबांची यादी, आत्याचा हक्क आणि डच कारकुनाला उच्चारता येईल असे नाव, या सगळ्यांचा मेळ बहात्तर तासांत घालावा लागला. बारसे ठरल्या दिवशीच झाले. आत्याने बाळाच्या कानात जे नाव सांगितले, ते नगरपालिकेला आधीच ठाऊक होते. आत्याचा त्यावरील रुसवा हे पत्र लिहीपर्यंत टिकून आहे.

प्रसूतीनंतरचे पहिले आठ-दहा दिवस प्रशिक्षित परिचारिका रोज काही तास घरी येते. या सेवेला क्रामझोर्ग म्हणतात आणि तिचा बराचसा खर्च आरोग्यविमा उचलतो. ती बाळाचे वजन करते, ताप पाहते, अंगावर पाजायला शिकवते, आईचे टाके तपासते, आलेल्या पाहुण्यांना वेळेवर वाटेला लावते आणि जाताना न्हाणीघर धुऊन जाते. पुण्यात न्हाऊ-माखू घालायला येणाऱ्या बाईंचेच हे काम, फक्त गणवेशातले. एक अट मात्र वेगळी: परिचारिकेची कंबर धरू नये म्हणून बाळंतिणीचा पलंग ठोकळ्यांवर चढवून सुमारे ऐंशी सेंटिमीटर उंच करावा लागतो. कॉलवर ते ठोकळे दिसताच आजोबांना १९६१ चा पानशेतचा पूर आठवला आणि घरात पाणी कुठवर आले आहे याची चौकशी झाली. समुद्रसपाटीखालच्या देशाची कीर्ती पाहता ही शंका अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही.

शेक-शेगडी परदेशात मिळणार नाही, ही आजींची मुख्य चिंता होती. ती निराधार ठरली. डच परिचारिका नवजात बाळाच्या पलंगात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवते: आवरणात गुंडाळलेली, पांघरुणाच्या वर, बाळापासून वीतभर अंतरावर, बूच पायाकडे करून. दूध चांगले यावे म्हणून पुण्यात बाळंतशोपा देतात. येथे बाळ जन्मल्यावर कुरकुरीत टोस्टला लोणी लावून त्यावर गुलाबी किंवा निळ्या साखरेत घोळलेले, बडीशेपेच्या चवीचे दाणे पसरतात आणि आल्या-गेल्याला वाटतात. त्यांनी दूध येते, असे येथील आज्याही सांगत आल्या आहेत. दोन्हीकडच्या आज्यांची कधी भेट नाही, हे लक्षात घ्यावे.

धुरीच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही. १ जुलै २०२२ पासून नेदरलंड्समधील प्रत्येक घराच्या प्रत्येक मजल्यावर धूर ओळखणारी घंटा बसवणे सक्तीचे आहे, आणि वेखंड-ओव्याचा धूर व आगीचा धूर यांतला फरक तिला कळत नाही. पहिल्याच प्रयोगात शेजारचे काका रात्रीच्या कपड्यांत जिन्यात आले. धूर कसलाही असला तरी तान्ह्या फुप्फुसांना त्रासदायकच, असे बालरोगतज्ज्ञही सांगतात; तेव्हा या बाबतीत घंटेचे म्हणणे मान्य करावे.

वजन हा कॉलवरचा सर्वांत मोठा विषय. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, साधारण दोन आठवड्यांत भरून येते, पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. तरीही आजींच्या मते बाळाने ‘बाळसे धरलेले नाही’, आणि पुरावा म्हणून शेजारच्या पलंगावरचे डच बाळ दाखवण्यात आले. येथे साक्ष पुण्याचीच काढावी लागते. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया आणि पुढे त्यांची मुले यांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५. पण फरक सगळीकडे सारखा नव्हता. पुण्याकडच्या बाळांचे पोट आणि स्नायू लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून किडकिडीत आणि आतून चरबी राखून असलेले हे बाळ पुढे जगभरच्या मधुमेहाच्या चर्चेत गाजले. तात्पर्य असे की आपल्या बाळाच्या बाबतीत गुटगुटीतपणा हा तब्येतीचा पुरावा नव्हे. वजनाची रेघ आपल्या वळणाने चढत असेल तर तेवढे पुरे.

येथील बालआरोग्य केंद्रात वाढीचे तक्ते आहेत आणि त्यांत हिंदुस्तानी मुलांसाठी वेगळा तक्ताही आहे. १८७३ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर म्हणून सुरिनामला नेलेल्या लोकांचे वंशज पुढे मोठ्या संख्येने नेदरलंड्सला आले. तो तक्ता त्यांच्या मुलांचा. ते लोक मुख्यतः बिहार आणि संयुक्त प्रांताकडचे, हे कळल्यावर आजोबांनी सदाशिव पेठेसाठी निराळी रेघ आहे का, असे विचारले. नाही.

झोपेचा नियम येथे कडक आहे: उताणे, स्वतःच्या पलंगात, उशीशिवाय, झोपायच्या पिशवीत. त्यामागे इतिहास आहे. सत्तरच्या दशकात बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला डॉक्टरच देऊ लागले, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली. डच बालरोगतज्ज्ञ खूस द योंगे यांनी १९८७ मध्ये पालथे झोपवू नका असे जाहीरपणे सांगितले, आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्यामुळे डोके गोल व्हावे म्हणून आलेली मोहरीची उशी सध्या स्वयंपाकघरात आहे. निम्मी फोडणीत संपली. कानटोपीलाही घरात मनाई आहे, कारण तान्हे बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे सोडते. बाहेर पडताना ती घालतात, हे आजींच्या समाधानासाठी नमूद करणे आवश्यक आहे.

मालिशीला दोन्हीकडे मान्यता आहे. तेल नाका-कानात मात्र घालू नये: नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते. काजळही नको, कारण काही काजळांत शिसे सापडले आहे. ‘आपले जुने औषध’ म्हणून सुचवलेले ग्राइप वॉटर हे १८५१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने काढले, आणि त्यात बराच काळ मद्यार्क असे. बाळे त्याने शांत होत, यात नवल नाही. बाळगुटीची सहाण, मायफळ आणि मुरुडशेंग कपाटात सुखरूप आहेत. पहिले सहा महिने आईचे दूध आणि ड जीवनसत्त्वाचे रोजचे थेंब, एवढेच द्यायचे असल्याने त्यांना काम मिळाले नाही. चाटणातला मध वर्षापर्यंत वर्ज्य: त्यातील जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात.

उष्टावणानंतर मतभेद निवळतात. शेंगदाणा आणि अंडे बाळाला लवकर, आठ महिन्यांच्या आत, द्यायला सुरुवात करावी म्हणजे पुढे त्यांचे वावडे होण्याचा संभव घटतो, असा येथील सल्ला आहे. दाणा अख्खा नव्हे, बारीक करून. दाण्याचे कूट हा ज्या घरात पाचवा मसाला आहे, त्या घराला यात नवे काहीच नाही. अंड्याबद्दल आजींचे मत स्वतंत्रपणे मागवले जाईल.

सहा ते आठ आठवड्यांत बाळ माणूस पाहून हसते. त्याआधीचे झोपेतले हसू सटवाईच्या खात्यावर. तीन-चार महिन्यांत मान धरते. बसणे आणि चालणे यांची एकच तारीख नसते: जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुले आधाराशिवाय बसली चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, आणि एकटी चालली आठ ते अठरा महिन्यांच्या. सुमारे चार टक्के मुले तर रांगलीच नाहीत. वाड्यातल्या कोणाचा नातू दहाव्या महिन्यात धावला, ही माहिती या प्रकाशात वाचावी. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला आपले-परके कळू लागते. स्किपोल विमानतळावर आजोबांना पाहून त्याने भोकाड पसरले, ती प्रगतीच होती. फोनमधले आजोबा चपटे असतात आणि त्यांना तपकिरीचा वास येत नाही.

बोलण्याच्या बाबतीत आजींचे महत्त्व शास्त्रानेच सिद्ध केले आहे. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपास तो कळेनासा झाला, कारण तो घरात कानांवर पडत नव्हता. ‘त’, ‘ट’ आणि ‘ळ’ यांचा पुरवठा म्हणून रोज पुण्याहून व्हावा. ‘टिळक टाकीजवळ तळ्यात तीन तट्टे’ या धर्तीची कोणतीही बडबड चालेल. विषय सुनेचा नसावा.

लसींबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. वेळापत्रक वेगळे आहे आणि ते पाळले जाते. बोरन्हाणात बोरांऐवजी ब्ल्यूबेरी वापरल्या आणि शेजारच्या मोठ्या मुलांनी त्या लुटल्या. बाळापासून चुरमुरे, हलवा आणि गोल फळे दूर ठेवावी लागली, कारण ती घशात अडकू शकतात. चाके लावलेला बसायचा वॉकर आणू नये: मुले त्यातून जिन्यावरून पडतात, आणि कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. ढकलायचा लाकडी पांगुळगाडा मात्र उत्तम.

येणाऱ्या माणसाबरोबर पांगुळगाडा (सुटा करून), नाचणीचे सत्त्व, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि हलव्याचे दागिने पाठवावेत. तूप पाठवू नये. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे, आणि मागच्या वेळी ‘खोबरेल’ असे लिहिलेली बरणी अधिकाऱ्याने उघडून हुंगली होती.

कळावे,
बाळाचे आई-बाबा