सेवा-क्लब : स्वरूप, सवयी व सत्कार

सेवा-क्लब ही आठवड्यातून एकदा एकत्र जेवणारी आणि त्या निमित्ताने समाजाची सेवा करणारी संस्था होय. तिचा उगम शिकागोचा. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस या वकिलाने एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी अशा तिघांना जमवले आणि रोटरीची पहिली बैठक भरली. एवढ्या मोठ्या शहरात आपल्या ओळखीचे कोणी नाही, ही हॅरिसची खरी अडचण होती. समाजसेवा नंतर सुचली. सुचली तीही थेट सार्वजनिक शौचालयाची : शिकागोत ते व्हावे म्हणून केलेली खटपट हा रोटरीचा पहिला उपक्रम मानला जातो. कोनशिलेवर नाव यावे म्हणून आज जे विषय निवडले जातात, त्यांत हा विषय सहसा नसतो.

त्याच शिकागोत 1917 साली मेल्विन जोन्सने लायन्सची स्थापना केली. रोटरी मुंबईत 1929 मध्ये आली, लायन्स 1956 मध्ये. झाशीत आज दोन्ही घराणी नांदतात. रेल्वे, छावणी, मेडिकल कॉलेज आणि कचेऱ्या ज्या गावात एकवटल्या आहेत तिथे अधिकारी, डॉक्टर, वकील व ठेकेदार यांचा पुरवठा कधी आटत नाही आणि सेवा-क्लबाला एवढाच कच्चा माल लागतो. एका व्यवसायाचा एकच सदस्य, असा रोटरीचा मूळ नियम होता. म्हणजे गावातल्या दुसऱ्या दंतवैद्याला पहिल्याच्या बदलीची वाट पाहावी लागे किंवा लायन्समध्ये जावे लागे. पुढे नियम सैल झाला आणि दंतवैद्य एकमेकांशेजारी बसू लागले.

साप्ताहिक बैठक निमंत्रणात आठ वाजता असते. अध्यक्ष घंटा वाजवतो तेव्हा पावणेनऊ झालेले असतात. त्याच्या गळ्यात कॉलर असते आणि तिच्यावर आजवरच्या प्रत्येक अध्यक्षाच्या नावाची धातूची पट्टी. दरवर्षी एक पट्टी वाढते, त्यामुळे जुन्या क्लबाचा अध्यक्ष मान किंचित झुकवून चालतो. नवख्यांना तो विनय वाटतो. मग राष्ट्रगीत आणि सत्य, न्याय, सद्भाव व सर्वांचे हित यांची चौकशी करणारी चार प्रश्नांची कसोटी. ही कसोटी 1932 मध्ये हर्बर्ट टेलर याने अ‍ॅल्युमिनियमची भांडी करणारी एक बुडती कंपनी सावरण्यासाठी लिहिली होती. कंपनी तरली. त्यानंतर ही कसोटी जगभर जेवणापूर्वी म्हटली जाऊ लागली. म्हणताना ठेकेदार सदस्य छताकडे पाहतात.

यानंतर वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि सार्जंट. सार्जंट हे पद शिस्तीसाठी आहे. ज्या गावच्या किल्ल्यात कडक बिजली ही तोफ ठेवलेली आहे त्या गावात हा अधिकारी निःशस्त्र फिरतो आणि बिल्ला न लावल्याबद्दल, फोन वाजल्याबद्दल किंवा वर्तमानपत्रात फोटो आल्याबद्दल दंड घेतो. शेवटच्या गुन्ह्याचा दंड सर्वांत खुशीने भरला जातो. काहीजण फोटो आल्याचे स्वतःच कळवतात.

बैठकीचा मुख्य भाग म्हणजे पाहुण्याचे व्याख्यान. वर्षात आठवडे बावन्न आणि झाशीत फुकट बोलणारे विद्वान मोजके. त्यामुळे हृदयविकार, आयकर, योग व ताणतणाव हे विषय फिरून फिरून येतात. व्याख्याता ऐनवेळी फिरकला नाही, तर झाशीच्या क्लबाकडे एक स्थानिक तोडगा असतो, तो म्हणजे मराठी सदस्य. (प्रस्तुत मजकूर लिहिणाराही याच वर्गात मोडतो. तेव्हा पुढील माहिती प्रत्यक्ष निरीक्षणाची समजावी आणि ती लांबली तर सोसून घ्यावी.)

झाशीतला मराठी माणूस राणी लक्ष्मीबाईवर बोलू शकतो, असे गृहीत धरले जाते. त्याला वाचनाची अट नाही, आडनाव पुरते. 19 नोव्हेंबरची जयंती आणि जूनमधला बलिदानदिन हे त्याचे हक्काचे दिवस, शिवाय वर्षभरातली हरेक रिकामी जागा. ओळख करून देणारा सचिव दरवेळी विचारतो, “आप तो रानी साहिबा के ही खानदान से होंगे?” याचे खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले. मराठी सदस्याचे पणजोबा आले साताऱ्याकडून, तेही घोड्यावर बसून नव्हे. 1900 च्या सुमारास इंडियन मिडलंड रेल्वेचा कारभार जीआयपी रेल्वेकडे गेल्यावर हिशेबाच्या कचेरीत कारकुनी मिळाली म्हणून ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून उतरले होते. पण ‘नाही’ हा शब्द सभागृहात चांगला दिसत नाही. मराठी सदस्य नजर खाली करतो, पुसट हसतो आणि म्हणतो, “अब क्या बताएँ!” हे वाक्य योग्य जागी थांबून म्हणायला सराव लागतो. त्यातून काहीही खोटे बोलले जात नाही आणि टाळ्या पडतात. शिवाय राणी स्वतः काशीत जन्मलेली, बिठूरला वाढलेली तांब्यांची मुलगी होती. म्हणजे ती तरी जन्माने झाशीची कुठे होती, असा विचार करून तो मन शांत ठेवतो.

व्याख्यान किल्ल्यापासून निघते. ओरछाच्या बीरसिंह देवाने तो 1613 मध्ये बांधला, 1742 नंतर नारोशंकराने वाढवला. पुढे 1842 मध्ये राणीचा गंगाधररावांशी विवाह, तोही गावातल्या महाराष्ट्र गणेश मंदिरात. इथे वक्ता मंदिराच्या दिशेने हात करतो, हॉटेलात दिशा समजत नसली तरी. मग डलहौसी, खालसा आणि विष्णुभट गोडसे. वरसईचे हे भटजी वेढ्याच्या वेळी झाशीत अडकले होते आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला. मराठी सदस्य त्यांचा उल्लेख ‘आमचे गोडसे भटजी’ असा करतो, जणू कालच पत्र आले आहे. श्रोत्यांत चुळबुळ होते. हे ते गोडसे नव्हेत, हा खुलासा दोन मिनिटे खातो. अखेर मार्च 1858 उजाडतो, ह्यू रोज वेढा घालतो, तोफा धडाडतात आणि नेमकी याच वेळी मागच्या टेबलांवरची झाकणे उघडतात. पनीरचा वास पुढच्या रांगेपर्यंत येतो. अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात. राणी दामोदररावांना घेऊन घोड्यावर बसते ती बसलेलीच राहते. झाशीच्या क्लबाने तिला काल्पीपर्यंत आजतागायत पोहोचू दिलेले नाही.

व्याख्यात्याला शाल आणि स्मृतिचिन्ह मिळते. स्मृतिचिन्ह म्हणजे पितळी मुलामा दिलेली घोड्यावरची राणी, तलवार निखळणारी. मराठी सदस्याच्या घरच्या शोकेसमध्ये यामुळे एक घोडदळ उभे राहिले आहे. “या सगळ्या राण्यांची धूळ पुसायची कुणी?” हा प्रश्न त्या घरात दिवाळीपूर्वी हमखास निघतो. त्यांतली एखादी वाटून टाकावी, ही सूचना दरवर्षी फेटाळली जाते.

उपस्थितीबद्दल थोडक्यात. पूर्वी लागोपाठ चार बैठका चुकल्या की सदस्यत्व धोक्यात येई. चुकलेली बैठक दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढता येई, म्हणून पुण्याच्या लग्नाला गेलेला झाशीकर सीमांतपूजन सोडून तिथला क्लब गाठत असे. 2016 पासून रोटरीने महिन्याला दोन बैठकाही पुरेशा मानल्या. तेव्हापासून लग्ने नीट पार पडू लागली.

आता उपक्रम. जुलैत नवे अध्यक्षपद सुरू होते, म्हणून जुलैत वृक्षारोपण. जानेवारीत ब्लँकेट, मधे रक्तदान. लायन्सकडे नेत्रशिबिरे अधिक, कारण 1925 मध्ये हेलन केलरने त्यांच्या अधिवेशनात अंधांची बाजू घ्यायचे आवाहन केले आणि त्यांनी ते मनावर घेतले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही दान म्हणून फार चांगली वस्तू आहे : दुसऱ्या दिवशी पट्टी सुटते आणि माणसाला दिसते. मात्र त्याला प्रथम काय दिसावे, याची व्यवस्था क्लब आधीच करून ठेवतो. समोरच्या भिंतीवर फ्लेक्स असतो.

मे महिन्यात पाणपोई. बुंदेलखंडाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. चंदेल राजांनी या मुलखात तळी खोदून ठेवली, ती हजारेक वर्षे टिकली. क्लबाची पाणपोई जूनपर्यंत टिकते. तिच्यात तीन माठ, एक डोया, एक साखळीने बांधलेला पेला आणि वर माठांच्या पाचपट लांबीचा फ्लेक्स असतो. त्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, सहप्रमुख, माजी अध्यक्ष यांचे फोटो. मराठी सदस्य त्यात आधी स्वतःचा फोटो शोधतो, मग नावाचे शुद्धलेखन तपासतो आणि मगच पाणी पितो. शेजारच्या पंक्चरवाल्याचा पोरगा सकाळी सहाला नळावरून ते माठ भरतो, फडके ओले करतो, दुपारी पुन्हा भरतो. त्याचे नाव फ्लेक्सवर नसते. एकदा कुणी ते घालावे असे सुचवले, तेव्हा जागा नसल्याचे सांगण्यात आले. जागा खरोखरच नव्हती. पण ती ज्यांनी भरली होती, त्यांच्यातल्या एकालाही ते माठ कोणत्या नळावर भरतात हे ठाऊक नव्हते. हे लिहिताना राग येतो आणि तो आपल्याच फोटोकडे पाहून येतो, ही त्यातली गैरसोय आहे.

पोलिओचे काम या यादीतून वेगळे काढावे लागते. रोटरीने ते 1985 मध्ये जागतिक पातळीवर अंगावर घेतले. 2009 साली भारतात पोलिओचे 741 रुग्ण होते आणि त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशातले. रविवारी बूथ लागे, मग टोळ्या घरोघर जात. डोस झालेल्या घरावर खडूने ‘पी’, राहिलेल्यावर ‘एक्स’. चालायचे काम आशा आणि अंगणवाडी सेविकांनी केले, हे आधी सांगितले पाहिजे. सदस्यांनी टोप्या, शिट्ट्या, बॅनर, चहा पुरवला आणि काहींनी ‘एक्स’च्या घरांत जाऊन बसायचे पत्करले. ज्या घरात डोस नाकारला जाई तिथे सरकारी माणसाला दार उघडत नसे, पण मोहल्ल्यातला ओळखीचा डॉक्टर किंवा दुकानदार असला तर उघडे. दरडोई एक ओळख, हेच त्या क्लबाचे मूळ भांडवल, पॉल हॅरिसला हवे होते तेच. घरातली आजी तासभर बोलून घेई, चहा देई आणि मग पोराला पुढे करी. दोन थेंब, करंगळीच्या नखावर शाई. अशा घरात बिल्ला आत आहे की बाहेर, हे कुणी पाहिले नाही. 13 जानेवारी 2011 ला हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

त्या आठवड्याच्या बैठकीला टाळ्या वाजल्या, नंतर दंडही झाला. वर्तमानपत्रात फोटो आला होता.

क्लबाचे वर्ष 30 जूनला संपते. अहवाल तयार होतो. त्यात लाभार्थींची संख्या शहराच्या लोकसंख्येशी स्पर्धा करते. प्रांतीय परिषदेत पुरस्कारांचे प्रकार इतके असतात की रिकाम्या हाताने परतणे कठीण. उतरलेला अध्यक्ष ‘पीपी’ म्हणजे पास्ट प्रेसिडेंट होतो, पहिल्या रांगेत बसतो आणि ‘हमारे समय में’ या शब्दांनी बोलायला सुरुवात करण्याचा अधिकार मिळवतो. जुन्या क्लबात पुढे अशी वेळ येते की जवळजवळ सगळेच पीपी होतात. जे झालेले नसतात त्यांच्यात पुढचे वर्ष कुणाचे यावरून बोलाचाली होते, दोन जेवणे ताणतणावात पार पडतात, आणि पंधरावीस जण बाहेर पडून नवा क्लब काढतात. सेवा-क्लबांची वाढ अशी होते. नव्या क्लबाला नवी घंटा आणि कोरी कॉलर लागते, मराठी सदस्य मात्र दोन्हीकडे चालतो. नव्या क्लबाची बैठक शुक्रवारी ठेवतात, कारण मंगळवारी तो हॉल जुन्या क्लबाने घेतलेला असतो.