शिवणीतली माया

भाचीचं लग्न ठरलं आणि ताईचा फोन आला. मी अभिनंदन म्हणायच्या आत ती म्हणाली, "पिवळी साडी मामाची, पैठणी आमची. आणि रविवारी गाडी तुझी." मामाचे हक्क आणि कर्तव्यं इतक्या थोडक्यात आजवर कुणी सांगितली नसतील. हक्क तर त्यात नव्हताच.

रविवारी येवल्याला निघालो. नाशिकहून 80-85 किलोमीटर. पुढे माझ्याशेजारी दाजी, मागे ताई, माझी बायको, भाची आणि नवरदेवाकडून पाठवलेली निरीक्षक, म्हणजे भाचीची होणारी नणंद. निफाडपर्यंत जांभळा रंग पक्का झाला. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकलो, तेवढ्यात तो रद्दही झाला. मग निंबाणी, मग पोपटी. येवल्याच्या वेशीवर 'तिथे गेल्यावर बघू' यावर एकमत झालं.

ओळखीतून एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. पदरावर मोर विणायचं काम चाललं होतं. एकेका रंगाची वेगळी छोटी कांडी, आणि मोराच्या गळ्यापुरती निळी, चोचीपुरती लाल, अशी ती हाताने ताण्यातून फिरवायची. दिवसाकाठी किती होतं, विचारल्यावर त्यांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली. साध्या पैठणीला महिना, नक्षी भरगच्च असली तर वर्षसुद्धा. त्यांनी पदर उलटा करून दाखवला. दोन्हीकडून सारखाच. यंत्रमागावरच्या नकली मालात मागच्या बाजूने मोकळे धागे लोंबतात, यात नाहीत.

"मग सुलटी बाजू कुठली?" दाजींनी विचारलं.

"लोक बघतील ती," विणकर म्हणाले.

पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे दाजींनी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. त्यामुळे ते प्रत्येक साडीमागे सातबारा मागावा तसा कागद मागत होते. नणंदबाईंचं ज्ञान 'होम मिनिस्टर'च्या भागांवर पोसलेलं. काठावरच्या हिरव्या मुनियेला तिने मोर म्हटलं आणि ताईने एक भुवई उचलली. (दोन्ही घरांतलं पहिलं भांडण मी इथे नोंदवून ठेवतो.) शेवटी सगळ्यांनी रद्द केलेला जांभळाच घेतला. किंमत ऐकल्यावर दाजींचे ओठ हलताना दिसले. ते कांद्याचे क्विंटल मोजत होते.

आता खरी गंमत सांगतो. साडी या वस्त्राला माप नाही. साडेपाच मीटर कापड आजीला बसतं, नातीला बसतं आणि कपाटात तर जन्मभर बसतं. लग्नघरातला सगळा तंटा असतो तो तिच्या टोकाला विणलेल्या 80 सेंटिमीटरचा. तो ब्लाउजपीस एकदा कापला की संपलं.

शिवायला रविवार कारंज्याजवळच्या गल्लीतले मास्तर गाठले. भाचीने मोबाइलवर सोळा गळे दाखवले. मागे पान, मागे मटका, मागे नुसती दोरी. मास्तरांनी ते सगळे शांतपणे पाहिले आणि फक्त दोन प्रश्न विचारले.

"लग्न कधी?"

"22 डिसेंबर."

"हात वर करून हार घालायचा ना? मग मुंढा असा घट्ट नको. नवरदेव उंच आहे का?"

मला हा माणूस तिथेच आवडला. सोळा गळ्यांच्या पसाऱ्यात नवरीला हात असतात, हे त्या एकट्याच्याच ध्यानात होतं.

"पण मास्तर, मी पाच किलो कमी करणार आहे," भाची म्हणाली. "त्या हिशोबाने शिवा."

"शिवतो," मास्तर म्हणाले, आणि टेप छातीवरून फिरवून वहीत काहीतरी लिहिलं.

पुढचे दोन महिने भाचीने खरोखर भाकरी मोजून खाल्ली. पण आपल्याकडे नवरीच्या वजनावर जुना इलाज आहे, त्याला केळवण म्हणतात. काकांकडे बासुंदी, आत्याकडे पुरणपोळी, मालेगावच्या मावशीकडे मांडे. शेजारच्या काकूंनी तर "तुझं डाएट आहे ना, म्हणून फक्त श्रीखंड केलं" असं म्हणून वाढलं. सतरा केळवणं झाली. प्रत्येक घरी ओटी भरून वर एक ब्लाउजपीसही मिळाला. तो कधी, कोण आणि कुठल्या मापाने शिवणार, हे कुणी विचारलं नाही.

दरम्यान करवल्यांचा वेगळा घोळ. सात जणी, एकाच रंगाचे लेहंगे, ऑनलाइन मागवलेले. मापाच्या रकान्यात सातही जणींनी 'एम' लिहिलं, कारण यादी सगळ्यांना दिसत होती. सातांतले पाच परत गेले. ताईच्या सासूबाईंनी मुहूर्तासाठी आणलेली शिवलेली नऊवारी पाहिली. आठ मीटरचं लुगडं, पाय घालून चढवायचं. "एवढं चांगलं लुगडं कापून विजार केलीत," एवढंच त्या म्हणाल्या. मी मनातून त्यांच्या बाजूचा आहे, पण करवल्या सात आहेत.

ट्रायलच्या दिवशी भाचीने ब्लाउज घातला. हूक आणि काजं एकमेकांना पाहू शकत होती, भेटू शकत नव्हती. तिचे डोळे भरले. ताई माझ्याकडे बघायला लागली, जणू मांडे मी खाऊ घातले होते. मास्तरांनी ब्लाउज उलटा केला, कडेची शिवण पात्याने उसवली आणि आत दुमडलेलं जांभळं कापड उलगडून दाखवलं.

"दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवलीय," ते म्हणाले. "पाच किलो मला प्रत्येक नवरी सांगते."

अर्ध्या तासात हुकं लागली.

लग्न झकास झालं. रिसेप्शन गंगापूर रोडच्या लॉनवर, डिसेंबरच्या रात्री. नाशिकची थंडी काय असते, हे बिनपाठीचे ब्लाउज घातलेल्या करवल्यांना साडेआठला कळलं. फोटोत त्या सगळ्या हसताहेत, पण दात वाजताहेत. नऊनंतरच्या फोटोंत सातांच्या अंगावर सात पुरुषांचे कोट आहेत. त्यात माझा नाही, कारण माझ्याकडे तोवर घालण्याजोगं काही उरलं नव्हतं.

त्याचं असं झालं. सगळ्यांच्या मापांची काळजी वाहताना माझं रेशमी जाकीट कपाटातून थेट अंगावर आलं. पुतण्याच्या लग्नाला घेतलेलं, आठ वर्षांपूर्वीचं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. मी तिला आणून उभं केलं, मंगलाष्टकं सुरू झाली, शेवटच्या सावधानला मी अक्षता टाकायला हात उचलला आणि मधलं बटण सुटून अक्षतांबरोबर नवरदेवाच्या फेट्यावर गेलं. त्याला आशीर्वाद जरा जोरात लागला एवढंच. पण व्हिडिओत टाळ्यांच्या आधी एक बारीक 'टर्र' ऐकू येतं. पाठीची शिवण.

परवा ते जाकीट घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी ते उलटं केलं, शिवण चाचपली. रेडिमेड. आत सुतभरही कापड नव्हतं. त्यांनी जाकीट घडी घालून परत दिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "तुमची केळवणं कुणी केली?"