पावरक्षक काकू

मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात शिळ्या पोळीची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती, म्हणजे तिला फोडणी तरी मिळे किंवा गूळ-तूप घालून तिचा लाडू तरी वळला जाई. परंतु १९६५ साली स्थापन झालेल्या सरकारी मॉडर्न बेकरीजच्या काळात मेणकागदात गुंडाळलेला स्लाइस ब्रेड शहरी घरांत रुळला, तेव्हा त्याच्या उरलेल्या कापांबाबत परंपरा गप्प होती. ही उणीव भरून काढणारी जी गृहिणी अनेक कुटुंबांच्या आठवणींत सापडते, तिला पावरक्षक काकू म्हणता येईल.

काकू ब्रेडची टोके, सँडविचच्या कापलेल्या कडा आणि डब्यातून न खाता परत आलेले काप फ्रिजमध्ये साठवतात. भाजलेल्या पावातील पिष्ट हळूहळू पुन्हा स्फटिकरूप घेते, त्यामुळे पाव कडक होतो, आणि ही क्रिया फ्रिजच्या थंडाव्यात बाहेरच्यापेक्षा वेगाने घडते. अर्थात ब्रेड टिकावा म्हणून योजलेले यंत्रच काकूंना शिळ्या ब्रेडचा अखंड पुरवठा करते.

या साठ्याचे रविवारी पुडिंग होते, म्हणजे गोड दुधात भिजवलेला पाव भाजून केलेला पदार्थ. अंड्याला जिथे मज्जाव असतो, तिथे कस्टर्ड पावडर चालते. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंडे न सोसणाऱ्या पत्नीसाठी ती शोधली, तेव्हा एका इंग्रज बाईचे पथ्य पुढे सदाशिव पेठेतील सोवळ्याच्या पथ्यावर पडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे. भाजणी होते ती ॲल्युमिनियमच्या गोल विजेच्या ओव्हनमध्ये, ज्याला उष्णता कमी-जास्त करण्याची सोय नसल्यामुळे कडा करपतात, मधला भाग लिबलिबीत राहतो, आणि करपलेल्या भागाला ‘खरपूस’ म्हणण्याची कुटुंबात शिस्त असते.

काकूंचे खरे वैशिष्ट्य मात्र हिशेबात आहे. चार शिळे काप वाचवण्यासाठी अर्धा लिटर दूध, वाटीभर साखर, लोणी, काजू आणि बेदाणे खर्ची पडतात, “अगं, ब्रेड केवढ्याचा आणि काजू केवढ्याचे?” असे काकांनी विचारलेच, तर “काजू घरातच होते” हे उत्तर निर्णायक ठरते, कारण गृहअर्थशास्त्राच्या या शाखेत घरात असलेली वस्तू फुकट धरतात.

मुलांनाही हे शास्त्र लवकर उमगते, आणि गुरुवारपासूनच त्यांची टोस्टवरची वासना उडते. काकूंच्या नजरेतून ते सुटत नाही; म्हणूनच त्या हल्ली मोठा ब्रेड आणतात, कारण लहान आणला तर उरत नाही.