जराशी घाटी आहे

गुहागरला ज्यांच्या घरी मुक्काम होता त्या काकूंना सकाळी पोहे खाताना विचारलं, "तवसाळपर्यंत रस्ता कसा आहे हो?" काकूंनी पडवीत टेकवलेल्या माझ्या सायकलीकडे पाहिलं, तिच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. "सपाटच आहे," त्या म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात वळता वळता, पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसं सहज, "मध्ये जराशी घाटी आहे."

अलिबाग सोडून चार दिवस झाले होते. एवढ्या काळात मला कोकणातली ही दोन वाक्यं पुरती पाठ झाली होती. पहिलं ऐकून जो निश्चिंत होतो तो दुसऱ्यात मरतो.

दोष माणसांचा नाही, नकाशाचा आहे. सह्याद्रीत उगवलेल्या नद्यांना समुद्र गाठायचा असतो, म्हणून त्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जांभ्याचा सडा चिरत जातात. मी निघालेलो उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे करवतीच्या दात्यांवरून चालणारी मुंगी. खाडीपाशी समुद्रसपाटी, मग दमछाक करत सड्यावर, तिथे पाचदहा मिनिटं वारा आणि पिवळं गवत, की पुन्हा खाली. पहिल्या दिवशी उतार लागला की मी शीळ घालत असे. आता उतार दिसला की पोटात गोळा येतो. उतार ही उधारी आहे आणि सावकार खाडीपलीकडे उभा आहे.

वेळणेश्वर सोडलं आणि ती घाटी आली. सायकलवाल्या मंडळींत सगळ्यात हलक्या गिअरला ‘ग्रॅनी गिअर’ म्हणतात. आजीचा गिअर. माझ्या सायकलीला चोवीस गिअर आहेत आणि दुकानदाराने प्रत्येकाचा स्वतंत्र महिमा सांगितला होता, पण कोकणात मी तेवीस गिअर नुसते वाहून नेतो. पाय गरागरा फिरतात, सायकल मात्र एखाद्या सरकारी फायलीसारखी सरकते. वेग इतका कमी की तोल जाऊ नये म्हणून हँडल डावीउजवीकडे वळवत राहावं लागतं.

तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला खोचलेलं लुगडं, पायात काही नाही. माझ्या बरोबरीला आली आणि तिने पावलं जराही न मोडता विचारलं, "कुठं चाल्लास बाबा?"

"गणपतीपुळ्याला," मी श्वास जमवून म्हणालो.

"येष्टी हाय नाय?"

"आहे. पण मला सायकलनंच जायचंय."

थोडा वेळ आम्ही शेजारी शेजारी चढत राहिलो. तिला पुढे जाता आलं असतं, पण चौकशी अर्धी टाकून जाणं तिला बरं वाटेना.

"पैसं गावतात काय ह्याचं?"

"नाही."

"नवस हाय?"

"नाही हो."

बराच वेळ ती बोलली नाही. मग आवाज उतरवून, "घरात भांडण झाला काय?"

या प्रश्नाला मी जरा जास्तच वेळ घेतला. खरं तर श्वास लागला होता, पण तिला उत्तर मिळालं. "व्हईल बरा," असं म्हणून ती एका पाखाडीवरून वर निघून गेली, आणि मी वळणावळणाच्या डांबरी रस्त्याने वर पोचलो तेव्हा ती भारा उतरवून, पाणी पिऊन, खळ्यात बसलेली होती. तिच्या लेखी हा रस्ता सपाटच. काकूंच्या लेखीही सपाट, कारण त्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून जातात. चढ नावाची वस्तू डोंगरात नसते, विचारणाऱ्याच्या मांड्यांत असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावं याचं जरा वैषम्य वाटलं.

अशा वेळी मी मुंबईच्या त्या पारशी पोरांना आठवतो. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहाजण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि मार्च १९२८ मध्ये त्यांतले तिघं, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर करून परत आले. ना गिअर, ना मोबाइल. त्यांनीही वाटेत कुणाला तरी विचारलंच असणार, पुढे रस्ता कसा आहे? आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटाच्या तोंडाशी कुणीतरी नक्की सांगितलं असणार, सपाटच आहे. तिथे निदान ते खरं तरी होतं.

हेदवीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. टायर आतून बोटाने चाचपत गेलो तेव्हा केसाएवढी तार टोचली. चिरे वाहणाऱ्या ट्रकांचे टायर फाटले की त्यांतल्या तारा रस्त्यावर विखुरतात आणि सायकलीची वाट बघत पडून राहतात. ट्यूबमधलं भोक काही सापडेना. ओठ ओले करून ट्यूब त्यांच्याजवळून फिरवली की बारीकशी वाऱ्याची झुळूक लागते, हा माझा नेहमीचा उपाय. पण समुद्राचा वारा असा सुटलेला, की ट्यूबभर सगळीकडेच भोक आहे असं वाटायला लागलं. एक शाळकरी मुलगा बराच वेळ माझं हे ट्यूबचं चुंबनसत्र पाहत उभा होता. काही न बोलता तो घरात गेला आणि पाण्याने भरलेलं घमेलं घेऊन आला. ट्यूब बुडवली आणि बुडबुड्यांची माळ वर आली. "काका," तो अगदी काळजीने म्हणाला, "तुम्हाला येत नाही, तर एकटे का फिरता?"

या दोन प्रश्नांवर, म्हातारीच्या आणि पोराच्या, माझ्या घरच्यांचं संपूर्ण एकमत आहे.

हेदवीची बामणघळ पाहायची होती. भरतीच्या वेळी त्या अरुंद फटीत घुसलेलं पाणी उंच उसळतं म्हणे. मी पोचलो तेव्हा ओहोटी होती. घळीत पाणी जेमतेम खळखळत होतं, माझ्यासारखंच दमून. आम्ही एकमेकांकडे थोडा वेळ पाहिलं.

तवसाळहून जयगडला फेरीबोट जाते, तिला इथे जंगलजेटी म्हणतात. तिकीट देणारा सायकलीभोवती एक फेरी मारून आला. "इंजिन नाही ना?" त्याने विचारलं. म्हटलं, होतं, पण सकाळच्या घाटीत बंद पडलं. तो हसला नाही. नियमाप्रमाणे तिकीट फाडलं. शास्त्री नदीची खाडी ओलांडताना मी कठड्याला टेकून उभा राहिलो. वाऱ्यावर घाम सुकत होता, बोट मला पुढे नेत होती आणि माझे पाय स्वस्थ होते. दिवसातला एवढाच तुकडा खरोखर सपाट. समोर जयगडचा डोंगर चांगलाच उंच दिसत होता. मी तिकडे पाठ करून उभा राहिलो.

केशवसुतांच्या मालगुंडातून जाताना अंधार पडू लागला होता. पुळ्याला पोचल्यावर घरी फोन केला. "पोचलास? बरा आहेस?" झालं. म्हातारीची शंका मी घरी सांगितली नाही.

रात्री जेवताना मुक्कामाच्या घरच्या आजोबांनी आपणहून विषय काढला. "उद्या रत्नागिरी ना? मग आरे-वारेवरून जा. समुद्र अगदी हाताशी. झकास रस्ता."

"सपाट आहे?" मी विचारलं.

"अगदी," आजोबा म्हणाले, आणि आमटी वाढायला वाकले.

मी वाट पाहिली.

"फक्त मध्ये..."

"भात वाढा थोडा," मी म्हणालो.