राउंड फिगरवाले काका

दर सोसायटीत एक असतातच. भाजीवाल्यानं "सत्त्याऐंशी झाले" म्हणायचा अवकाश, हे म्हणणार, "म्हणजे नव्वद. शंभरातून नव्वद गेले, दहा." मग हातात तेरा पडले की तीन रुपये कमावल्याच्या आनंदात घरी.

सुटा आकडा त्यांना सोसवत नाही. पानिपत 1761, पेशवाई बुडाली 1818. काकांच्या लेखी मधे साठ वर्षं. (आहेत सत्तावन्न. पण तीन वर्षांनी आता कुणाचं काय बिघडतंय, असं ते वर विचारतात.) शिवाजी महाराजांच्या बाबतीत मात्र एकदम बिनचूक: 1630, 1680, पन्नास! कुणी हसलंच तर आयकर कायद्यातलं कलम ऐकवतात. एकूण उत्पन्न सरकारही दहाच्या पटीत धरतं, म्हणे. उरलेल्या कायद्याशी त्यांचा संबंध नाही. नियम कडक: पाच किंवा जास्त असेल तर वर, नाहीतर खाली. अपवाद फक्त काकूंच्या वयाचा. ते कायम खालीच जातं.

घोळ होतो विजेच्या बिलात. मागचं रीडिंग 8,447, चालू 8,652. काकांनी शेकड्यात केलं: 8,700 वजा 8,400, तीनशे युनिट! एसीवरून घरात महाभारत. खरे युनिट 205, बिलावर छापलेलेही. पण तिथवर वाचतो कोण? मोठा आकडा वर चढला, लहान खाली उतरला, दोन्हीकडून अंतर वाढलं. दोन्ही एकाच दिशेला सरकले असते तर वजाबाकीत चुकीनं चूक बरीचशी कापली असती. हे काकांना पटतं, पण एसी बंद केल्यावर.

तरी त्यांना हसू नये. यंदाच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी वाचून दाखवलं: जमा 1,12,480, खर्च 38,940, शिल्लक 83,540. सगळ्यांनी माना डोलावल्या. सामोसे निवत होते. मागच्या खुर्चीवरून काका म्हणाले, "अहो, एक लाख दहातून चाळीस गेले. सत्तरच्या आसपास हवेत. त्र्याऐंशी कुठून आणलेत?"

मोबाइल निघाले. 73,540! खजिनदार शेवटचा हातचा विसरले होते. दहा हजारांची चूक, तीही एकाही आकड्याला हात न लावता पकडलेली.

तुमच्या सोसायटीत असे काका असतील तर हिशेब तपासायला त्यांनाच बसवा. खजिनदार मात्र चुकूनही करू नका.